कूलंट पांढरं दिसतं म्हणजे प्रमाण बरोबर?

"दुधासारखं पांढरं आहे ना, मग चालतंय!" कूलंट म्हणजे धातू कापताना गारव्यासाठी सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण. लेथ आणि व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) शॉपमध्ये त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं चालत आलेली ही समजूत चुकीची आहे. त्यातलं सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं तेल) 2 टक्के असो की 8, पाण्यात मिसळलं की पांढरंच दिसतं. डोळ्यांना फरक कळत नाही, मशीनला मात्र कळतो. तेलाचं प्रमाण घसरलं की जॉबवर (कापायच्या धातूच्या तुकड्यावर) आणि मशीनच्या बेडवर गंज धरतो, सुट्टीनंतर टाकीला कुजका वास मारतो. फार वाढलं तर फेस येतो आणि ऑपरेटरच्या हातांची कातडी फुटते. हे दुखणं तर कुणी मोजतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मोजायला साधा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण दाखवणारं हातातलं उपकरण) पुरतो. तवंग बाजूला सारून नमुना घ्या, काचेवर दोन थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून रेघ वाचा. पण तो आकडा म्हणजे टक्के नव्हेत! त्याला त्या कूलंटच्या फॅक्टरने, म्हणजे ठरलेल्या गुणकाने, गुणावं लागतं. रीडिंग 4 आणि फॅक्टर 1.5 असेल, तर प्रमाण 6 टक्के. फॅक्टर कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. रेघ धूसर दिसली तर स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं तेल) मिसळलंय असं समजा.

पातळी उतरली की थेट नळाचं पाणी सोडू नका. पाणी उडतं हे खरं, पण चिप्सबरोबर (धातूच्या कापलेल्या तुकड्यांबरोबर) तेलही जातं. आधी मोजा, मग त्या हिशेबाने पातळ मिश्रण घाला. मिसळताना नेहमी पाण्यात तेल, ढवळत ढवळत. उलट केलं तर फाटल्या दुधासारख्या गुठळ्या होतात.