हॅलो एल्बो की इंटर्नल रोटेशन: कोपर नका बघू, तळहात बघा

सॉफ्टबॉलमध्ये विंडमिल पिचिंग, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकणं, शिकायला लागलं की हॅलो एल्बो आणि इंटर्नल रोटेशन ही दोन नावं कानावर पडतातच, दुसऱ्याला सगळे आयआर म्हणतात, आणि बऱ्याच जणांचा समज असा की हे फॉलो थ्रूचे, म्हणजे बॉल सुटल्यावर हात जसा जातो त्याचे, दोन प्रकार आहेत, एकात कोपर वर उचलून कॅचरकडे, म्हणजे समोर बॉल झेलणारीकडे, रोखायचं, दुसऱ्यात हात सैल सोडून पोटासमोरून आडवा जाऊ द्यायचा, ज्याला जे जमेल ते त्याने करावं. तसं नाहीये. बॉल बोटांतून सुटला की सुटला, नंतर हाताचं काहीही करा, त्याला आता कळणार नाही. फरक आहे तो सुटायच्या आधीच्या पाव वर्तुळात.

राइट हँडेड पिचरला थर्ड बेसच्या बाजूने, म्हणजे तिच्या उजव्या हाताकडून, बघताय असं समजा. घड्याळासारखं धरा, डोक्यावर १२, कॅचरकडे ३, पायाशी ६, मागे सेकंड बेसकडे ९. हात समोरून वर जातो आणि मागून खाली येतो. आता हात ९ वर असताना व्हिडिओ थांबवा आणि तळहात कुठे आहे ते बघा.

हॅलो एल्बोमध्ये १२ वर बॉल सेकंड बेसला दाखवायला सांगतात, मग ९ वर तळहात जमिनीकडे येतो, तिथून बॉल खाली आणि पुढे ढकलत आणायचा, मांडीजवळ मनगट जोरात स्नॅप करायचं आणि कोपर वर. आयआरमध्ये १२ वर तळहात साधारण थर्ड बेसकडे असतो आणि ९ वर सरळ आभाळाकडे, कोपर किंचित वाकलेलं, दंड आणि कोपर आधी खाली येतायत आणि बॉल मागे रेंगाळतोय. मग कोपराखालचा हात कंबरेच्या बाजूला हलकेच घासतो, ह्याला ब्रश म्हणतात, तिथे दंडाचा वेग कमी होतो पण खालचा हात थांबत नाही, तो चाबकाच्या टोकासारखा सुटतो आणि सुटता सुटता अख्खा हात आतल्या बाजूला वळतो. नाव पडलंय ते ह्या वळण्यावरून. मनगट ह्यात हलतं, नाही असं नाही, पण ते हलवावं लागत नाही.

म्हणूनच सराव सुरू करताना नुसतं मनगट झटकत बॉल टाकायचा जो ड्रिल सर्रास करून घेतात तो मला तरी वेळ घालवणं वाटतो. अमेरिकन सॉफ्टबॉल पिचर मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा बॉल टाकला, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटर, तो काय मनगटाच्या जोरावर गेला असेल का? एवढा वेग पाय, कंबर, खांदा, दंड अशा मोठ्या भागांकडून क्रमाने खाली येतो, बोटं फक्त शेवटची.

कंबरेचाही ह्यात हात आहे, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. रिलीजच्या, म्हणजे बॉल सुटण्याच्या, आधीच हिप पूर्ण बंद करून छाती कॅचरसमोर आणली की हाताच्या वाटेत कंबर येते, मग हात बाहेरून फिरवा नाहीतर ढकलून वर उचला, म्हणजे हॅलो एल्बो आपोआपच. आयआरसाठी हिप साधारण अर्धे उघडे लागतात, ४५ अंशांच्या आसपास. त्यामुळे कोणी रिलीजच्या आधी ‘हिप बंद कर, बंद कर’ ओरडत असेल आणि शेजारी दुसरं कोणी आयआर शिकवत असेल तर त्या मुलीचं काही खरं नाही.

हॅलो एल्बो अगदीच टाकाऊ आहे का? लहान मुलींना ते पटकन समजतं, बॉल लवकर कॅचरसमोरच्या प्लेटकडे जायला लागतो, पालक खूश. पण पुढे वेग अडतो, कारण ढकलण्याला मर्यादा आहे. आणि गंमत म्हणजे चांगल्या पिचरचा स्लो मोशन बघितला, जी तोंडाने ‘कोपर वर’ म्हणते तिचासुद्धा, तर बॉल सुटताना हात आत वळलेलाच दिसतो, कोपर नंतर वर येतं.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. आयआर ऐकलं की काही जणी मनगटाने दाराची मूठ फिरवावी तसा बॉल मुद्दाम पिळतात, मग बॉलला आडवी फिरकी बसते आणि तो कुठेही जातो. वळणं हे खांद्यापासून आणि आपोआप व्हायला हवं. त्यासाठी ९ वरून सुरुवात करा, अंग अर्धं उघडं, तळहात वर, जवळच्या जाळीत बॉल टाका, लक्ष फक्त ब्रशवर. हात सैल. अंतर सुरुवातीला नकोच, पिचर ते प्लेट पूर्ण ४३ फूट नंतर.

मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मो थर्ड बेसच्या बाजूने घ्या, डावखुरी असेल तर फर्स्ट बेसच्या. कोपर शेवटी वर आलं तरी घाबरू नका, सैल हात कधीकधी येतोच वर. ९ वर तळहात खाली दिसला तर मात्र फॉलो थ्रू कितीही छान वळलेला असू दे, ते हॅलो एल्बोच आहे.