संसारासह समुद्रावर: वापरलेली शिडाची बोट घेण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मलेशियातल्या लंकावी बेटावर विक्रीला असलेल्या शिडाच्या बोटींच्या जाहिराती वाचल्या, तर त्या साधारण एकाच साच्यातल्या वाटतात. ‘कुटुंबासाठी उत्तम, जगप्रवासाला सज्ज, सामान भरा आणि निघा.’ खाली सामानाची दोन-दोन पानी यादी: वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र), सोलर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या, दोन ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारी यंत्रं), लाइफराफ्ट (संकटात उतरायचा फुगणारा तराफा), डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी), शिलाई मशीनसुद्धा. ग्राहक ती यादी आमच्यासमोर ठेवतात आणि विचारतात, “एवढं सगळं या किमतीत म्हणजे स्वस्तच ना?”

आमचं उत्तर ठरलेलं असतं. यादी मिटून ठेवा, ती शेवटी वाचू. यादीतल्या प्रत्येक वस्तूला वय असतं आणि खाऱ्या हवेत ते भराभर वाढतं. दहा वर्षांपूर्वी बसवलेला वॉटरमेकर म्हणजे काही वेळा नुसती जागा अडवणारी पेटी असते. तळ, डोलकाठी, इंजिन आणि बोट सांभाळणाऱ्याची सवय या चार गोष्टी मात्र पैसे फेकून महिन्याभरात बदलता येत नाहीत.

आम्ही कोण, काय करतो

आम्ही दोघंच आहोत. कचेरी गोव्यात, मांडवीच्या काठी. ग्राहकाबरोबर जाऊन वापरलेली बोट पाहायची, सर्वेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) शोधून द्यायचा, कागदपत्रं वाचायची आणि हवं असेल तर बोट घरापर्यंत आणायला सोबत करायची, एवढंच आमचं काम. विक्रेत्याकडून किंवा त्याच्या दलालाकडून आम्ही एक पैसाही घेत नाही. फी दिवसावर, ती तुमच्याकडून. सर्वेअर आम्ही नाही. तो स्वतंत्रच असायला हवा, त्याची फी तुम्ही द्यायची आणि अहवालही थेट तुमच्याच हातात यायला हवा.

लंकावीच का? युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून निघालेली बरीच कुटुंबं तिथवर येऊन थांबतात. मुलं मोठ्या वर्गात जातात, आजीआजोबा आजारी पडतात, पैसे संपतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राची वाटही धोक्याची झाली. बेट करमुक्त आहे, विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर असल्यामुळे चक्रीवादळांचा त्रास जवळजवळ नाही, बोट उचलून जमिनीवर ठेवायची सोय आहे. त्यामुळे चांगल्या बोटी तिथे विकायला निघतात. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्याही तिथेच निघतात.

जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे

वीस-तीस वर्षांची बोट म्हटलं की पुण्या-मुंबईचा ग्राहक दचकतो, कारण डोळ्यांसमोर गाडी येते. फायबरग्लासच्या बोटीला हा हिशेब लागू पडत नाही. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये ‘तृष्णा’तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ३७ फुटी बोट इंग्लंडमधून वापरलेलीच घेतली होती. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले. त्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात.

कुटुंबासाठी आम्ही साधारण ३८ ते ४५ फुटांची, जड बांध्याची, मागे स्वतंत्र केबिन असलेली बोट सुचवतो. अमेल या फ्रेंच कंपनीची ‘सुपर मारामू’ यापेक्षा मोठी, जवळजवळ १६ मीटरची, पण लांबच्या प्रवासात राहण्याची बोट कशी असावी हे समजायला तिच्यासारखी दुसरी नाही: दोन डोलकाठ्या, कीलमध्ये (तळाखालच्या जड पात्यात) सुमारे हजार लिटर पाण्याची टाकी, कॉकपिटखाली (सुकाणू धरून बसायच्या जागेखाली) स्वतंत्र इंजिनखोली, पाणी शिरलं तरी बंद करता येणाऱ्या दारांच्या भिंती. घ्यायची नसली तरी एकदा आतून पाहून या. मग इतर बोटींमध्ये काय नाही ते आपोआप दिसू लागतं.

भाड्याने फिरवण्यासाठी बांधलेल्या बोटी मात्र जपून बघा. चार केबिन, चार बाथरूम, फोटो झकास. त्या आठवड्याच्या पाहुण्यांसाठी असतात. सहा महिन्यांचं धान्य, मुलांची पुस्तकं, इंजिनाचे सुटे भाग ठेवायला कपाट शोधायला गेलात, की तिथे आणखी एक पलंग निघतो.

तपासणीचा दिवस

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय व्यवहार करू नका. यावर आमच्याशी वाद घालू नये ही विनंती. रिवाज असा की साधारण दहा टक्के रक्कम अनामत ठेवायची, आणि सर्वेक्षण व समुद्रावरची चाचणी समाधानकारक झाली नाही तर ती परत मिळेल असं करारात लिहून घ्यायचं.

सर्वेअर छोट्या हातोडीने तळ ठोकत जातो. आपल्याकडे फणस टिचकी मारून बघतात तसंच, फक्त अर्थ उलटा. फणस बद्द वाजला की आपण खूश होतो. बोट बद्द वाजली की आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. तळावर फोड असतील तर एखादा फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती ऑस्मोसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये मुरलेलं पाणी. चार-दोन फोडांनी घाबरण्याचं कारण नाही, पण किमतीत ते दिसायला हवेत.

तळाला जितकी भोकं, तितके झडप-नळ. प्रत्येक नळ हाताने उघडून-बंद करून बघा. पितळी नळ खाऱ्या पाण्यात झिजला की तांब्यासारखा गुलाबी दिसू लागतो आणि एक दिवस हातात तुटून येतो. प्रत्येक नळाशेजारी लाकडी खुंटी दोरीने बांधलेली आहे का? असेल, तर मालक विचार करणारा माणूस आहे असं खुशाल समजा.

डोलकाठीला तोलणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या की बहुतेक विमा कंपन्या बदलायला सांगतात. तारा निदान दिसतात तरी. ज्या पट्ट्यांना त्या खाली बांधलेल्या असतात, त्या डेकच्या आत लपलेल्या असतात. एकदा एका नाशिककर कुटुंबाबरोबर आम्ही बोट पाहत होतो. नवा चार्टप्लॉटर (पडद्यावरचा समुद्री नकाशा), नवी गादी, सगळं चकाचक. वहिनींनी कपड्यांचं कपाट उघडून आत हात घातला आणि म्हणाल्या, “इथे चहा सांडलाय का?” फळीवरून तपकिरी ओघळ उतरला होता. यार्डातल्या माणसाने पट्टीचा एक बोल्ट काढला. दोन्ही टोकं चकचकीत, आणि मधोमध, जिथे तो डेकमध्ये दडलेला होता तिथे, चोखून फेकलेल्या गोळीसारखा बारीक झालेला. मालकाला खरोखर माहीत नव्हतं. त्याच बोल्टच्या भरवशावर तो आणि त्याची दोन मुलं हिंदी महासागर ओलांडून आली होती. नाशिककरांनी ती बोट नंतर घेतली, आठही पट्ट्या बदलून आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करून.

इंजिन सुरू करायच्या आधी त्यावर हात ठेवा. कोमट लागलं, तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ते चालवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. थंड इंजिन कसं सुरू होतं, धूर काळा, पांढरा की निळा, धुराबरोबर पाणी जोरात बाहेर पडतं की नाही, हे बघायचं. मग समुद्रावर नेऊन दहा मिनिटं पूर्ण वेगात चालवायचं. तापमानाचा काटा चढत गेला, तर चाचणी तिथेच थांबवा.

सागवानी डेक दिसायला देखणा, पायाला थंड नाही आणि दुरुस्तीला महाग. शेकडो स्क्रू आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे गळतीची एक शक्यता.

विजेचा जमाखर्च

आता यादी उघडायला हरकत नाही. सुरुवात विजेपासून करा, कारण बाकीचं सगळं तिच्यावर चालतं.

बारा व्होल्टच्या बोटीवर रात्रंदिवस प्रवास चालू असताना ढोबळ हिशेब असा: फ्रिज आणि फ्रीझर ८० अँपिअर-तास, ऑटोपायलट ८० ते १००, दिवे आणि उपकरणं ३०. उपग्रहाचं इंटरनेट चोवीस तास चालू ठेवलं तर शंभराच्या वर आणखी. बेरीज तीनशेपर्यंत जाते. सहाशे वॅटची पॅनेल असली तरी शिडाची आणि डोलकाठीची सावली वजा जाता दिवसाला दीडशे-पावणेदोनशे हाती येतात. उरलेलं डिझेल जाळून भरायचं, नाहीतर इंटरनेट रात्री बंद करायचं. घरात जो वाद वायफायवरून होतो, तोच बोटीवर डिझेलच्या भावाने होतो.

लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून यादीत ४०० अँपिअर-तास लिहिलेलं असेल तर २०० धरा. लिथियमचं तसं नाही. पण लिथियम बसवताना अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) नियंत्रक बदलला नसेल, तर अल्टरनेटर तापून जळतो. बॅटऱ्या कोणी बसवल्या आणि विमा कंपनीला कळवलं होतं का, हे दोन प्रश्न विचाराच.

ऑटोपायलट दोन असल्यास उत्तम. त्यातला एक वाऱ्यावर चालणारा, वीज न खाणारा असेल तर आणखी उत्तम.

पाणी आणि स्वयंपाक

वॉटरमेकर बंदरात चालवून दाखवता येत नाही, असं विक्रेता सांगतो. ते खरंच आहे. तेल तरंगत असलेल्या पाण्यात त्याचा मीठ गाळणारा पडदा खराब होतो. म्हणूनच तो समुद्रचाचणीच्या दिवशी अर्धा तास चालवायचा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेनासारखं यंत्र सोबत न्या, आकडा पाचशेच्या खाली हवा. मग कपभर पिऊन बघा. जिभेला खारट लागलं की आकड्याचीही गरज उरत नाही. क्लोरिनच्या नळाच्या पाण्याने धुतलेला पडदाही वाया जातो, तेव्हा धुण्याच्या नळीवर कोळशाचा फिल्टर आहे का ते पाहा. चौघांचं कुटुंब काटकसरीने दिवसाला ६०-८० लिटरमध्ये भागवतं, पण त्यासाठी भांडी समुद्राच्या पाण्याने विसळायची सवय लागते. ओट्यावर खाऱ्या पाण्याचा पायपंप असेल तर तो काढून टाकू नका.

शेगडी झुल्यासारखी हलणारी हवी, भांडी अडकवायला आकडे हवेत. कुकर सोबत न्याच. बोट कलली तरी झाकण जागचं हलत नाही, वरण सांडत नाही, आणि गॅस निम्मा लागतो. गॅस मात्र थट्टेचा विषय नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी जाऊन साचतो. सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तळाशी थेट समुद्रात उघडणारं भोक असलेली हवी. देशागणिक सिलिंडरचं तोंड वेगळं असतं, तेव्हा जोडण्यांचा डबा मालकाकडून मागून घ्या. हा डबा यादीत कधीच नसतो.

मुलं आणि रात्र

केबिन किती, हे विचारू नका. बोट एका बाजूला कललेली असताना किती जणांना झोपता येईल, हे विचारा. पुढच्या टोकाची केबिन बंदरात छान, समुद्रावर तिथे माणूस उशीसकट हवेत उडतो. बर्थच्या उघड्या बाजूला बांधायचं जाड कापड आहे का, त्याचे आकडे पक्के आहेत का, ते ओढून बघा. कठड्याच्या तारांवर पांढरं प्लास्टिक असेल तर आत गंज लपलेला असू शकतो. लहान मूल असलेल्या घराने त्या बदलूनच घ्याव्यात.

लाइफराफ्टची तपासणी बहुधा तीन वर्षांनी करायची असते, तिची तारीख पेटीवरच असते. ईपीआयआरबीच्या (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीची आणि फ्लेअरची (इशाऱ्याच्या दारूकामाची) तारीखही तशीच छापलेली असते. उलटलेल्या तारखेची वस्तू यादीतून खोडून टाका, किंमत शून्य.

कागद

जुन्या देशाच्या नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला, मालकीच्या विक्रीखतांची सलग साखळी, कर्ज नसल्याचा पुरावा. बोट युरोपात न्यायची असेल तर तिथला व्हॅट भरल्याचा कागद. झेंडा बदलला की रेडिओचा एमएमएसआय (बोटीची ओळख सांगणारा) क्रमांकही बदलतो, आणि ईपीआयआरबी नव्या क्रमांकाने पुन्हा नोंदवावा लागतो. हे राहून गेलं, तर संकटात शोधपथक जुन्या मालकाला फोन करतं.

भारतात बोट कायमची आणायची असेल तर सीमाशुल्काचा हिशेब खरेदीच्या आधी करा. तो आकडा ऐकून काही ग्राहकांनी बोट लंकावीतच ठेवली आणि सुट्टीत तिथे राहायला जातात. भारतीय पासपोर्टवर युरोपात फिरताना १८० दिवसांत ९० दिवसांचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा) नियम बोटीवर राहिलात म्हणून सुटत नाही. ग्रीसच्या बेटांवर वर्षभर नांगर टाकून बसायचं स्वप्न असेल, तर हे आधी वाचा.

लंकावीहून निघायचंच असेल तर जानेवारी ते मार्च. तेव्हा ईशान्येचा वारा पाठीशी किंवा कुशीत असतो. अंदमान पाचशेच्या आसपास सागरी मैल, साधारण चार दिवस. एप्रिलच्या पुढे रेटू नका.

पहिल्या भेटीला येताना

किमतीच्या वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून मग बजेट सांगा. कोणत्या महिन्यात सुट्टी मिळते आणि घरात कोणाला बोट लागते, तेही सांगा. बोटीची इच्छा असलेल्या एकट्यानेच येऊ नका. घरात जो सगळ्यात नाखूष आहे त्याला घेऊन या. कपाटातला ओघळ त्यालाच दिसतो. अनामत देण्याआधी एक रात्र त्या बोटीवर सगळ्यांनी झोपायचं, अशी आमची अट आहे. पाऊस असलेली रात्र मिळाली तर तीच निवडा, आणि अंथरूण खिडकीखाली घाला.