विंडोजचा खेळ, लिनक्सचं नेपथ्य

गिरगावातल्या आमच्या घरचा पीसी लॅमिंग्टन रोडवर एकेक पार्ट निवडून जुळवून घेतलेला आहे. प्रोसेसर सातव्या पिढीचा आय-५. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११च्या यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर बसतात, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून मी त्यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सुट्टीत भाचा राहायला आला, त्याने स्क्रीनकडे संशयाने बघितलं आणि विचारलं, "मामा, यावर गेम चालतात?"

चालतात म्हटलं. त्याचे बहुतेक गेम चाललेही. मग दुसरा प्रश्न आला, तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता: "पण हे तर विंडोजसाठी बनवलेत ना? मग चालले कसे?"

"आत एक खोटं विंडोज चालू असतं," असं उत्तर बरेच जण ठोकून देतात. ते बरोबर नाही. विंडोजच्या कुठल्याही ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या, फाइलच्या तोंडाशी एम आणि झेड ही दोन अक्षरं असतात. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची ही आद्याक्षरं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात बसलेला हा शिक्का आजच्या शंभर जीबीच्या गेमच्या कपाळावरही आहे. लिनक्सच्या प्रोग्रामवर शिक्का वेगळा, आतली मांडणीही वेगळी. पण वेष्टन सोललं की उरतात त्या प्रोसेसरला द्यायच्या सूचना: या दोन संख्या मिळव, उत्तर त्या खान्यात ठेव, शून्य आलं तर तिकडे उडी मार. त्या सूचना पाळताना वर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी प्रोसेसरला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे गोळी कुठे लागली, गाडी वळणावर किती घसरली, हे सगळं गणित लिनक्सवरही थेट आणि पूर्ण वेगाने होतं. तिथे कुणीही दुभाष्या बसलेला नाही.

अडतं ते पुढे. प्रोग्रामला स्वतःच्या हिमतीवर आकडेमोडीपलीकडे फारसं काही करता येत नाही. फाइल उघडायची, आवाज काढायचा, माउस कुठे सरकला ते कळून घ्यायचं, तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करावी लागते. आणि मागणीची भाषा प्रत्येक सिस्टिमची निराळी.

साहित्य संघात बसवलेलं नाटक ठाण्याच्या गडकरी रंगायतनला न्यायचं झालं, तर नट तेच असतात, संवाद तेच असतात. फक्त नायकाने विंगेकडे हात केला की त्याच क्षणी हातात पत्र पडलं पाहिजे, आणि "दिवा लाव" म्हटल्यावर दिवा लागला पाहिजे. पडद्यामागची माणसं बदलली, हे नटाला जाणवताही कामा नये. लिनक्सवर पडद्यामागचं हे काम वाइन नावाचा प्रोग्राम करतो. गेम त्याच्या सवयीप्रमाणे विंडोजच्या डीएलएल फाइलींना (नेहमीची कामं करून देणाऱ्या तयार फाइलींना) हाक मारतो आणि त्याच नावांच्या, पण वाइनवाल्यांनी स्वतः लिहिलेल्या फाइली ओ देतात. "वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर" (वाइन म्हणजे नकली मशीन नव्हे) हे नावाचं पूर्ण रूप थट्टेखोर असलं तरी खरं आहे.

वाइनचं काम बॉब ॲमस्टॅट यांनी १९९३मध्ये सुरू केलं, तेव्हा डोळ्यांसमोर विंडोज ३.१चे प्रोग्राम होते. पुढच्याच वर्षी सूत्रं अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आली, ती आजही त्यांच्याकडेच आहेत. आवृत्ती १.० बाहेर पडली जून २००८मध्ये. पंधरा वर्षं!

एवढी वर्षं का लागली, ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. विंडोजचा सोर्स कोड बंद आहे. तो कधी फुटून बाहेर आलाच, तर तो पाहिलेल्या माणसाचं काम वाइनमध्ये घेतलं जात नाही. पुढे चोरीचा आळ यायला नको. हाती राहतात मायक्रोसॉफ्टचे जाहीर दस्तऐवज, आणि ते सगळंच सांगत नाहीत. मग एकच मार्ग उरतो: विंडोजलाच विचारायचं. छोटे छोटे चाचणी-प्रोग्राम लिहून खऱ्या विंडोजवर चालवायचे. नसलेली फाइल मागितली तर कोणता एरर नंबर येतो? नाव रिकामंच दिलं तर? खिडकी लहान केली की कोणता निरोप आधी येतो आणि कोणता नंतर? उत्तरं टिपून ठेवायची आणि वाइनकडून हुबेहूब तीच येतील असं बघायचं. बंद पेटीला बाहेरून टिचक्या मारून आत काय असेल ते ताडायचं, हा तर प्रयोगशाळेतला खाक्या.

यात एक गंमत आहे. विंडोजने चुकीचं उत्तर दिलं, तर वाइनलाही तसंच चुकावं लागतं, कारण कुठलातरी गेम त्या चुकीवर विसंबून असतो. खुद्द मायक्रोसॉफ्टचीही यातून सुटका झालेली नाही. सिमसिटी हा जुना गेम मेमरीचा तुकडा "मला नको" म्हणून परत करायचा आणि लगेच त्यातूनच वाचायचा. आधीच्या विंडोजमध्ये हे खपून जाई, कारण परत केलेला तुकडा लगेच दुसऱ्याला दिला जात नसे. विंडोज ९५मध्ये गेम कोसळू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी सिमसिटी चालू आहे का ते ओळखून मेमरी परत घेण्यात ढिलाई करणारी खास सोय विंडोजमध्येच घातली. असल्या किती लाडांची नक्कल वाइनला करावी लागत असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

फाइलींचं प्रकरण त्यामानाने सोपं. विंडोजला इंग्रजी अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. तो वाद वाइन मिटवतो. सी ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात एक साधा फोल्डर आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही, ही त्याच्या शेजारच्या दोन-तीन टेक्स्ट फाइली. या सगळ्या बाडाला प्रीफिक्स म्हणतात. बऱ्याचशा गेमची सेव्ह केलेली प्रगतीही त्यातच असते. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. एक गेम नीट सुरू होईना म्हणून मी त्याचा प्रीफिक्स उडवला आणि भाच्याची पंधरा दिवसांची मेहनत त्याच्यासोबत गेली. तो गेम क्लाउडवर काही ठेवतही नव्हता. दोन दिवस घरात अबोला होता.

खरी झुंज झाली ती चित्रांवर. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डशी डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत बोलतात आणि लिनक्सच्या ड्रायव्हरना (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामना) ती बोली समजत नाही. वाइन आधी तिचं ओपनजीएल या भाषेत रूपांतर करायचं, पण दोघींच्या घडणीत इतका फरक की नवे गेम रखडायचे, नाहीतर पात्रांचे चेहरेच गायब व्हायचे. २०१६च्या फेब्रुवारीत वल्कन आली. ही भाषा ग्राफिक्स कार्डाच्या बरीच जवळची. त्यामुळे दुसऱ्या भाषेचं रूपांतर तिच्यात सुबकपणे बसवता येतं. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला नीअर: ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यासाठी त्याने डायरेक्टथ्रीडी ११ ते वल्कन असा अनुवादक लिहायला घेतला. तोच डीएक्सव्हीके. लिनक्सवरच्या गेमिंगचं नशीब पालटायला एका माणसाची खेळायची हौस कारणी लागली. व्हॉल्व्ह कंपनीने त्याच्या कामाला पैसा पुरवला आणि ऑगस्ट २०१८मध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीच्या जोडण्या एकत्र बांधून प्रोटॉन या नावाने स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात दिल्या. २०२२मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा कन्सोल लिनक्सवरच चालतो, आणि त्याची सगळी भिस्त प्रोटॉनवर आहे.

नवा गेम पहिल्यांदा खेळताना मधूनच झटका बसतो, तोही या अनुवादापायी. पाण्याची चमक, धुराचा रंग वगैरे ठरवणारे शेडर नावाचे चिमुकले प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावर चालतात. ते आधी वल्कनच्या रूपात आणायचे, मग ड्रायव्हरने कार्डाच्या भाषेत उतरवायचे. एकदा झालं की उत्तर साठवून ठेवलं जातं. स्टीम सुरुवातीला "शेडरवर प्रक्रिया चालू आहे" म्हणत खोळंबवतं, ते याचसाठी. भाचा दर वेळी ते स्किप करायचा आणि मग झटक्यांबद्दल माझ्याकडे तक्रार करायचा.

काही वेळा पडद्यामागची तालीम कितीही पक्की असली तरी रंगमंचच बदलावा लागतो. विंडोजवर प्रोग्रामचा एक धागा (थ्रेड, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांपैकी एक) एका वेळी चौसष्ट गोष्टींची वाट बघत थांबू शकतो: यातली कुठलीही एक झाली की उठव, किंवा सगळ्या झाल्या की उठव. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, नेमकं असं काही नव्हतं. वाइन ते काम वाइनसर्व्हर या वेगळ्या प्रोसेसकडून करून घ्यायचं, म्हणजे दर वाट बघण्यामागे एक हेलपाटा. आजचे गेम सेकंदाला हजारो वेळा असं थांबतात. शेवटी एनटीसिंक नावाचा भाग थेट कर्नलमध्येच बसवला गेला आणि मार्च २०२५च्या ६.१४ आवृत्तीत तो वापरण्याजोगा झाला. विंडोजच्या गेमसाठी लिनक्सने आपल्या गाभ्यात जागा करून दिली. नव्वदच्या दशकात हे कुणी बोललं असतं तर हसले असते.

एवढं होऊनही एक दार बंद राहतं: ऑनलाइन गेममध्ये लबाडी करणारे चोर पकडणारं सॉफ्टवेअर, अँटी-चीट. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतं आणि तिथून सगळ्या मशीनवर नजर ठेवतं. वाइन हा साधा, कर्नलबाहेरचा प्रोग्राम. नाटकात पोलीस उभा करता येतो, त्याला खरी पोलीस चौकी कुठून आणून देणार? ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटनी २०२१मध्ये प्रोटॉनसाठी वाट मोकळी केली, पण तिचा वापर करायचा की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. एपेक्स लेजंड्स हा गेम लिनक्सवर चालत होता. २०२४च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने तो बंद केला आणि कारण दिलं ते चोरटेपणाचं. चोर पकडायला हवेत हे मान्य. पण त्यासाठी कुणाच्या गेमने आपल्या कर्नलच्या चाव्या घ्याव्यात, हे मला विंडोजवरही पटत नव्हतं.

भाच्याचा एक ऑनलाइन गेम असाच अडला. आता गेम विकत घ्यायच्या आधी तो प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर जाऊन, गेम लिनक्सवर कसा चालतो याला इतर खेळाडूंनी प्लॅटिनम दिलंय की नुसतं ब्राँझ ते बघतो, आणि तो अडलेला एक गेम परळला मित्राकडे जाऊन खेळतो. पुसल्या गेलेल्या पंधरा दिवसांचा हिशोब मात्र अजून मिटलेला नाही. मांडवली म्हणून त्याने माझ्याकडे नवीन ग्राफिक्स कार्ड मागितलंय.