‘देवराई’तला शेष आणि ‘भूल भुलैया’तली अवनी

मानसोपचाराच्या रेसिडेंटना (एमबीबीएसनंतर या विषयात शिकणाऱ्या डॉक्टरांना) सिनेमे दाखवून शिकवताना एक गैरसमज हमखास निस्तरावा लागतो: स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं. एमबीबीएस झालेल्यांच्याही डोक्यातून तो सहजी जात नाही.

‘देवराई’ (२००४) बघा. अतुल कुलकर्णींच्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे, पण तो अखेरपर्यंत शेषच असतो, दुसरा कुणी होत नाही. सुटते ती त्याची वास्तवावरची पकड. देवराईभोवती त्याने मनात जे रचलंय, ते कुणी कितीही समजावलं तरी हलत नाही.

‘भूल भुलैया’तल्या (२००७) अवनीचं वेगळं. नवरा बाहेर जाऊ देत नाही म्हटल्यावर तिची नजर बदलते, आवाज बदलतो, ती चक्क बंगालीत बोलू लागते, पलंग उचलते. भानावर आली की मधलं काहीच आठवत नाही. सिनेमा इथे थांबवावा, कारण निदानाची किल्ली विद्या बालनच्या डोळ्यांत नसून त्या विस्मरणात आहे. ‘आवाज ऐकू येतात का?’ एवढ्यावर तर निदान ठोकूच नये, ते स्किझोफ्रेनियात येतात तसे अवनीच्या आजारातही येऊ शकतात. ‘मधला वेळ कुठे गेला ते कळतच नाही, असं होतं का?’ हे विचारावं.

सिनेमातला डॉक्टर तिच्या आजाराला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर (एकाच माणसात आलटून पालटून वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं) म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही. मंजुलिका, म्हणजे गोष्टीतली मेलेली बंगाली नर्तकी, अवनीचा ताबा घेते, हे आपल्याकडच्या ‘अंगात येण्या’च्या जास्त जवळचं आहे. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात) त्याचं वेगळं निदान आहे, आणि तिथली अट महत्त्वाची: ती अवस्था त्या समाजाच्या धार्मिक रिवाजात बसणारी नसावी. जत्रेत वारं आलेली बाई पेशंट नव्हे.

उपचारांच्या बाबतीत मात्र ‘भूल भुलैया’ बाजूला ठेवावा. मंजुलिकेला सूड घेतल्याचं भासवणारं शेवटचं ते नाटक म्हणजे निव्वळ मनोरंजन. अवनीसारख्या विघटनाच्या (डिसोसिएटिव्ह) आजारात मुख्य उपचार मानसोपचाराची दीर्घ सत्रं, त्या आजारावर म्हणून खास गोळी नाही. स्किझोफ्रेनियात अँटिसायकोटिक (भ्रम-भास आटोक्यात ठेवणारी) औषधं पायाभूत, आणि घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय ती टिकत नाहीत. शेषच्या बहिणीची ओढाताण म्हणूनच रेसिडेंटनी दोनदा बघावी.

‘अ ब्यूटिफुल माइंड’ दाखवणार असाल तर आधीच बजावून ठेवा: हा सिनेमा ज्यांच्यावर आहे त्या गणितज्ञ जॉन नॅश यांना प्रत्यक्षात आवाज ऐकू येत, सिनेमाने त्यांना अख्खा रूममेट दिला. स्किझोफ्रेनियात असे आवाजच जास्त आढळतात, दिसणारी माणसं त्या मानाने कमी.