पिक्चर पोस्टकार्ड (प्रवासाची आठवण)

पिक्चर पोस्टकार्ड : एका बाजूला एखाद्या ठिकाणाचे चित्र किंवा छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला मजकूर, पत्ता व तिकीट यांसाठी जागा असलेले, पाकिटाशिवाय टपालात टाकायचे जाड कार्ड. परगावी किंवा परदेशी गेल्यावर असे कार्ड विकत घेऊन घरी धाडण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. प्रवासाची आठवण म्हणून घेतलेल्या बाकीच्या वस्तू सामानात घालून घरी येतात. कार्ड स्वतंत्रपणे निघते आणि त्या गावाच्या टपाल कार्यालयाचा नाव-तारखेचा शिक्का घेऊन पोचते. ते कुठले, हे त्याच्यावरच उमटलेले असते.

दूरच्या ठिकाणाची खूण घरी आणण्याची चाल याहून फार जुनी आहे. काशीयात्रा करून आलेला माणूस गंगाजलाचे बंद गडू आणि आप्तांसाठी काशीचे गंडे घेऊन येई आणि मग मावंदे, म्हणजे यात्रा पुरी झाल्याचे जेवण, घाली. पंढरपूरहून बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे आजही येतात व शेजारीपाजारी वाटले जातात. जे जाऊ शकले नाहीत त्यांनाही यात्रेचा वाटा मिळावा, हा त्यामागचा भाव. पोस्टकार्डाचे मर्मही तेच आहे : ते मुळात दुसऱ्यासाठीच घेतले जाते.

पहिले अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढले. दोन ओळींच्या निरोपासाठी पाकिटाचा खर्च कशाला, असा मुद्दा अर्थशास्त्रज्ञ एमानुएल हेरमान यांनी त्याच वर्षी मांडला होता. या कार्डावर चित्र नव्हते. भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आले आणि टपाल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. चित्रांची लाट त्यानंतरची. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात नव्या आयफेल टॉवरची चित्रे असलेली कार्डे टॉवरवरच विकली गेली आणि लोकांनी ती तिथूनच धाडली. तेव्हा कार्डाची मागची बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव असे, म्हणून त्या काळच्या कार्डांवर मजकूर चित्राच्या कडेने किंवा आकाशाच्या मोकळ्या जागेत दाटीवाटीने लिहिलेला सापडतो. मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने १९०२ मध्ये दिली आणि पुढे इतर देशांनी ती उचलली.

मुंबईचा या इतिहासात मोलाचा वाटा आहे. जे. जे. कलाशाळेत घडलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या रस्त्यांवरील नाना तऱ्हेच्या माणसांची चित्रे काढली, ती पोस्टकार्डांवर छापली गेली आणि साहेबलोकांनी सातासमुद्रापार पाठवली. लकबी टिपणारी त्यांची नजर इतकी नेमकी आहे की ही कार्डे आज त्या शहराच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासली जातात.

केवळ टपालासाठी जावे अशीही काही ठिकाणे आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात हिक्किम येथे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर १९८३ पासून टपाल कार्यालय आहे. पर्यटक तिथे कार्डे लिहितात. श्रीनगरच्या दल सरोवरात तरते टपाल कार्यालय २०११ मध्ये सुरू झाले. त्याच्या शिक्क्यावर शिकारा वल्हवणारा नावाडी आहे. सर्वांत विलक्षण पद्धत इक्वेडोरच्या गालापागोस बेटांपैकी फ्लोरेआना बेटावर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हेलच्या शिकारीवर निघालेल्या खलाशांनी तिथे पत्रांसाठी एक पिंप ठेवले. आजही प्रवासी त्यात बिनतिकिटाचे कार्ड टाकतात आणि आपल्या गावाच्या आसपासचा पत्ता असलेले दुसऱ्याचे कार्ड उचलून स्वतः पोचते करतात.

वस्तू निवडतानाही शिक्क्याचीच कसोटी लावता येते : ती त्या ठिकाणची आहे का? पर्यटनस्थळांवरच्या दुकानांतली बरीचशी किचेन आणि फ्रिज-मॅग्नेट भलत्याच गावी बनतात. त्यांवर नाव तेवढे बदलते. याउलट सावंतवाडीच्या चितार आळीत रंगवलेली लाकडी फळे आणि खेळणी मिळतात, ती करणाऱ्यांची परंपरा त्याच गावची आहे. तिथल्या राजवाड्यात गंजिफा या जुन्या खेळाचे गोल पत्ते हाताने रंगवले जातात. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. लोप पावत चाललेली ही कला राजघराण्यातील शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. कारागिराला काम करताना पाहून, दोन शब्द बोलून घेतलेली वस्तू थोडी महाग पडली तरी घ्यावी. पैसा थेट हाताला मिळतो आणि कला टिकते.

कार्ड ज्या देशातून पाठवायचे, तिकीट त्याच देशाचे लागते. भारतात पत्त्याखाली पिन कोड (१५ ऑगस्ट १९७२ पासून) स्पष्ट लिहावा. गुळगुळीत कागदावर जेलची शाई पुसते, बॉलपेन बरे. पर्यटनस्थळाजवळच्या काही टपाल कार्यालयांत सचित्र शिक्का असतो. तो खिडकीवर मागून घ्यावा. संग्राहकांपैकी अनेक जण कोऱ्या कार्डापेक्षा टपालातून गेलेले कार्ड पसंत करतात, कारण त्यावर तारीख, गाव आणि माणसाचे अक्षर तिन्ही असतात.