सायंटॉलॉजी आणि वृत्तमाध्यमे

सायंटॉलॉजी ही अमेरिकेत उगम पावलेली वादग्रस्त धार्मिक संघटना. तिच्याविषयी वर्तमानपत्रांनी, साप्ताहिकांनी आणि दूरचित्रवाणीने केलेल्या वार्तांकनाचा आणि संघटनेने त्याला केलेल्या प्रतिकाराचा इतिहास जवळजवळ संघटनेइतकाच जुना आहे.

विज्ञानकथालेखक एल. रॉन हबर्ड यांनी १९५० मध्ये ‘डायनेटिक्स’ ही मन:शुद्धीची पद्धत मांडली. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसला चर्च ऑफ सायंटॉलॉजी सुरू झाले. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने १९६७ मध्ये त्याची करसवलत काढून घेतली आणि १९९३ मध्ये ती परत दिली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सायंटॉलॉजीला धर्म मानले, तर जर्मनीत १९९७ मध्ये गुप्तवार्ता यंत्रणेने तिच्यावर पाळत सुरू केली. धर्म म्हणावे की धंदा, यावर सरकारांचेच एकमत नसताना बातमीदाराने काय लिहायचे, हा प्रश्न पहिल्याच वाक्यापासून उभा राहतो.

इंग्रजी पत्रे अशा गटांना ‘कल्ट’ म्हणतात. या शब्दात वर्णनापेक्षा ठपका अधिक आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, कारण महानुभाव पंथ, नाथ पंथ, वारकरी संप्रदाय असे म्हणताना आपल्या मनात आदरच असतो. बातमीत ‘पंथ’ लिहिले की ठपका गळून पडतो आणि ‘कल्ट’ तसाच ठेवला की निवाडा आधीच झालेला असतो. म्हणून या नोंदीत ‘संघटना’ हाच शब्द वापरला आहे.

संघटनेवर टीका करणारे पुस्तक १९७१ मध्ये लिहिणाऱ्या पत्रकार पॉलेट कूपर यांची हकीकत या इतिहासात सर्वांत क्लेशदायक आहे. १९७२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील संघटनेच्या कचेरीत बॉम्बची धमकी देणारी पत्रे आली. त्यांतल्या एका कागदावर कूपर यांच्या बोटाचा ठसा सापडला आणि १९७३ मध्ये त्यांच्यावरच आरोप ठेवले गेले. ते पुढे मागे घेतले गेले, पण खरे काय घडले ते जुलै १९७७ पर्यंत कळले नाही. एफबीआयने लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टन येथील कचेऱ्यांवर छापे घातले, तेव्हा कूपर यांना तुरुंगात किंवा वेड्यांच्या इस्पितळात पोचवण्याची लेखी योजनाच हाती लागली. सरकारी कचेऱ्यांतून कागद चोरल्याप्रकरणी हबर्ड यांच्या पत्नीसह अकरा जणांना शिक्षा झाली. दोष एका विभागाचा होता आणि तो विभागच आपण बंद केला, अशी संघटनेची भूमिका आहे.

फ्लोरिडातील क्लिअरवॉटर या गावात १९७५ मध्ये फोर्ट हॅरिसन हे जुने हॉटेल विकले गेले. खरी खरेदीदार ही संघटनाच होती, हे गावाला ठाऊक नव्हते, कारण व्यवहारात नावे दुसरीच होती. स्थानिक बातमीदारांनी त्याचा छडा लावला. शेजारच्या ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ने विषय सोडला नाही, आणि त्याच्या दोन पत्रकारांना १९८० चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये याच पत्राने संघटनेतून बाहेर पडलेल्या वरिष्ठांच्या मुलाखती छापल्या. गावातच राहून, कागद जमवत वर्षानुवर्षे केलेले हे काम राजधानीतून दोन दिवसांसाठी आलेल्या बातमीदाराच्या हातून होणे कठीण होते.

मोठ्या माध्यमांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘टाइम’ साप्ताहिकाने मे १९९१ मध्ये मुखपृष्ठकथा केली. संघटनेने ४१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा लावला. तो १९९६ मध्ये फेटाळला गेला, पण अपिले २००१ पर्यंत चालली. दावा जिंकण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला सतावून नाउमेद करण्यासाठी लावायचा असतो, असे हबर्ड यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवले होते. ‘टाइम’ला हे झेपले. छोट्या पत्राचा संपादक मात्र वकिलाची नोटीस पाहूनच बातमी बाजूला ठेवतो, आणि न छापलेल्या बातम्यांची नोंद कुठेच होत नाही.

पत्रकारांचा तोलही सुटला आहे. २००७ मध्ये बीबीसीचे जॉन स्वीनी संघटनेच्या प्रवक्त्यावर घसा फाटेपर्यंत ओरडले. संघटनेचा कॅमेरा चालूच होता. कार्यक्रम दाखवला जाण्याआधीच ती चित्रफीत इंटरनेटवर झळकली, स्वीनी यांनी माफी मागितली आणि चर्चा बातमीदाराच्या संतापाचीच झाली.

दुसरी बाजू विचारणे हे पत्रकाराचे कर्तव्यच आहे, पण ती कशी विचारावी याचे भान सुटले तर काय होते, याचे उदाहरण जपानमधले आहे. ओम शिनरिक्यो या तिथल्या धार्मिक गटाविरुद्ध लढणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो यांची मुलाखत टीबीएस वाहिनीने ऑक्टोबर १९८९ मध्ये, प्रक्षेपणाआधीच, ओमच्या लोकांना दाखवली. प्रक्षेपण झालेच नाही. साकामोतो, त्यांची पत्नी आणि एक वर्षाचा मुलगा यांची नऊ दिवसांनी घरात शिरून हत्या झाली. चित्रफीत दाखवल्याचे वाहिनीने कबूल केले ते १९९६ मध्ये.