रंग गेला, पण कशाने? अ‍ॅझोरिडक्टेज आणि लॅकेज

एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून नागपूरला कापडाचा धंदा परका नाही, आणि आज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतही कापडाचे कारखाने आहेत. त्यामुळे ‘एन्झाइम टाकले की सांडपाण्याचा रंग जातो’ हे विधान इथल्या माणसाला पटकन पटते. विधान खरे आहे, मात्र कोणते एन्झाइम, हे त्यात सांगितलेले नसते आणि मेख तिथेच आहे.

कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक अ‍ॅझो गटातले असतात. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध हा त्यांच्या रंगाचा मुख्य आधार. अ‍ॅझोरिडक्टेज हे मुख्यतः जिवाणूंमधले एन्झाइम त्या बंधाला इलेक्ट्रॉन पुरवून तो तोडते. लॅकेज हे प्रामुख्याने बुरशीतले, तांब्याचे चार अणू बाळगणारे एन्झाइम रंगाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देते. परीक्षानळीत दोन्हीकडे पाणी फिकेच पडते, म्हणून गफलत होते.

काँगो रेड या लाल अ‍ॅझो रंगाचे उदाहरण घेऊ. अ‍ॅझोरिडक्टेजने त्याचे बंध तुटले की लाली नाहीशी होते, पण पाण्यात बेंझिडीन हे अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुग) उरते. ते मूत्राशयाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते आणि डोळ्यांना मुळीच दिसत नाही, म्हणजे हे नितळ पाणी लाल पाण्याहून फसवे. म्हणूनच हे जिवाणू जिथे बंध तोडतात त्या ऑक्सिजनविरहित टाकीनंतर अशा अमाइनांचा निकाल लावण्यासाठी हवा खेळवलेली दुसरी टाकी लागते. ती वगळून नुसता रंग मोजणे मला अर्धवट काम वाटते.

लॅकेज मात्र फिनॉल गट असलेल्या अ‍ॅझो रंगांतला नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करू शकते आणि अमाइनांची वाट टाळते. तरीही रेणूचे तुकडे पुन्हा जुळून नवे रंगीत पदार्थ तयार होऊ शकतात, शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईच्या (यात रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो) पाण्यातले मीठ आणि सोडा बहुतेक बुरशीजन्य लॅकेजांना मानवत नाहीत. जमेची बाजू अशी की भंडाऱ्याकडच्या धानाच्या तणसावर धिंगरी अळंबी घेतल्यावर जे तणस उरते, त्यातूनही लॅकेज मिळू शकते. अ‍ॅझोरिडक्टेजला इलेक्ट्रॉनसाठी एनएडीएचसारखा (पेशीतला इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) महागडा सहघटक लागतो, त्यामुळे तिथे सुटे एन्झाइम वापरण्यापेक्षा जिवंत जिवाणूच परवडतात.

जीन्सच्या निळ्या पाण्यात तर अ‍ॅझोरिडक्टेजला कामच उरत नाही, कारण इंडिगोत अ‍ॅझो बंध नसतो. लॅकेज मात्र इंडिगोचे आयसॅटिन या निळ्या नसलेल्या संयुगात रूपांतर करते.